व्यसन, बंदी आणि नगरातील रक्तपात

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गेल्या सर्वसाधारण सभेत एक सूचना पुढे आली होती, ती आपणांपैकी पुष्कळांस स्मरत असेल. ज्या कुटुंबातील मुलगा मादक पदार्थांच्या प्रकरणी पकडला गेला असेल त्या कुटुंबाचे नाव मंडळाच्या वधू-वर सूचीतून पाच वर्षे वगळावे आणि त्या घरातील विद्यार्थ्यांस मंडळाची शिष्यवृत्ती देऊ नये, असा तिचा आशय होता. सूचना मांडणाऱ्या गृहस्थांच्या हेतूविषयी आम्हांस यत्किंचितही शंका नाही. ज्ञातीची मुले वाया जाऊ नयेत हीच त्यांची तळमळ. वेळेअभावी ती सूचना पुढील सभेवर टाकण्यात आली. त्या दिवशी आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो आणि काहीएक बोललो नाही. आता चिटणीसांनी 'शहरातील वाढता हिंसाचार व मादक द्रव्यांचा कायदा' हा विषय आम्हांस नेमून दिला आहे, तेव्हा त्या दिवशीच्या मौनाचे प्रायश्चित्त घेण्याची ही संधी आहे असे आम्ही समजतो.

आम्ही कायदेपंडित नव्हे, वैद्यही नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि गिरणगावातील एका प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी व पाढे शिकविण्यात आयुष्य घालविले. त्यामुळे जे वाचले व जे डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगणार आहोत. एक दुरुस्ती मात्र आरंभीच करू. विषयाच्या शीर्षकातील 'वाढता' हा शब्द आम्हांस मान्य नाही. १९९० नंतरच्या दशकात मुंबईत भरदिवसा रस्त्यावर गोळ्या झाडल्या जात असत. कामगार पुढारी डॉ. दत्ता सामंत यांची जानेवारी १९९७ मध्ये आणि चित्रपट-व्यवसायातील गुलशन कुमार यांची त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अशीच हत्या झाली. सकाळी वर्तमानपत्र उघडावयास भय वाटे. तो काळ ओसरला आहे. पण तो आला कसा, हे समजून घेतल्यावाचून आजच्या कायद्याविषयी बोलणे म्हणजे पाया न पाहता भिंतीला रंग देणे होय.

नशेने माणसाचे भान सुटते आणि भान सुटले की तो हात उचलतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाही. पगाराच्या रात्री चाळीत कोणत्या खोलीतून कोणता आवाज येईल हे आम्ही लहानपणी न चुकता सांगू शकत होतो. परंतु दारू पिऊन बायकोवर हात टाकणारा आणि पैसे घेऊन अनोळखी माणसावर पिस्तूल झाडणारा, हे दोघे एकाच रोगाचे रोगी नव्हेत. पहिल्याचे भान सुटलेले असते. दुसरा पूर्ण शुद्धीवर असतो. किंबहुना शुद्धीवर असणे ही त्याच्या धंद्याची गरजच असते. या दोन हिंसांची गल्लत झाली म्हणजे एकीवरचे औषध दुसरीला दिले जाते, आणि आपल्या देशात ते अनेकदा दिले गेले आहे.

मादक पदार्थांशी मुंबईचे नाते जुने आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि त्या व्यापारावर येथील कित्येक पेढ्या गब्बर झाल्या. सर जमशेटजी जिजीभाईंच्या संपत्तीतही त्या व्यापाराचा मोठा वाटा होता, आणि त्याच संपत्तीतून उभे राहिलेले रुग्णालय आजही गोरगरिबांच्या उपयोगी पडत आहे. तेव्हा तो व्यापार कायदेशीर होता. हिशेबाच्या वह्या होत्या, करार होते, तंटा झाला तर न्यायालय होते. म्हणून तो व्यापार पुण्यकारक होता असे नव्हे. चीनमध्ये लक्षावधी घरे त्याने धुळीस मिळविली. परंतु मुंबईच्या रस्त्यावर अफूच्या व्यापाऱ्यांनी एकमेकांच्या पाठीत सुरे खुपसले नाहीत, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

गांजा आणि भांग यांनी माणूस वेडा व खुनशी होतो काय, हा प्रश्न ब्रिटिश सरकारनेही विचारला होता. त्यासाठी १८९३ साली एक आयोग नेमण्यात आला. हिंदुस्थानभर हिंडून, हजाराहून अधिक साक्षी घेऊन त्याने १८९४ मध्ये अनेक खंडांचा अहवाल दिला. माफक सेवनाचा गुन्हेगारीशी म्हणण्यासारखा संबंध नाही, अतिसेवन घातक आहे, परंतु संपूर्ण बंदी करणे इष्ट नाही आणि कर व नियंत्रण हाच मार्ग बरा, असा त्याचा निष्कर्ष होता. सरकारला कराच्या उत्पन्नाची गोडी होती हे उघड आहे, आणि म्हणून हा निष्कर्ष मिठाच्या चिमटीसह घ्यावा. तथापि एवढा परिश्रमपूर्वक तपास आपल्याकडे पुन्हा क्वचितच झाला.

आता दारूबंदीकडे वळू, कारण मुंबईतील रक्तपाताचे मूळ शोधू गेल्यास पहिला धागा तेथेच सापडतो. १९३७ साली बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि डॉ. गिल्डर यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदी जारी झाली. महायुद्ध सुरू होताच मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि तो प्रयोग विरला. स्वातंत्र्यानंतर मोरारजीभाई देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण बंदी आली. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेयांस बंदी करण्याचे उद्दिष्ट लिहिलेले आहेच. या कायद्यामागील मंडळी स्वार्थी नव्हती. गांधीजींच्या शिकवणीत वाढलेली आणि कामगाराचा पगार त्याच्या बायकोच्या हाती पडावा अशी मनापासून इच्छा करणारी ती माणसे होती. त्यांना हसणे सोपे आहे. आम्ही हसणार नाही.

परंतु घडले काय? दुकाने बंद झाली, तहान बंद झाली नाही. धारावीच्या खाडीकाठी व दलदलीत भट्ट्या पेटल्या. गूळ, नवसागर आणि सडकी फळे यांची हातभट्टी मोटारीच्या ट्यूबांत भरून शहरभर फिरू लागली. गल्लीबोळांत 'आंटीचे अड्डे' निघाले. आणि या धंद्याला एक अडचण होती, तीच आमच्या आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे. वाण्याने उधारी बुडविली तर त्याच्यावर दावा लावता येतो. भट्टीवाल्याने माल घेऊन पैसे बुडविले तर कोणत्या कोर्टात जावयाचे? शेजारच्या भट्टीवाल्याने आपल्या गल्लीत माल विकला तर कोणाकडे दाद मागावयाची? हवालदाराने हप्ता घेऊनही धाड घातली तर तक्रार कोठे करावयाची? ज्या व्यवहाराला न्यायालय नाही तेथे न्यायाधीशाची जागा दादा घेतो, आणि त्याच्याजवळ चाकूखेरीज दुसरे कलम नसते. व्हिक्टोरिया टर्मिनसवर हमाली करणारा वरदराजन मुदलियार हा हातभट्टीच्या धंद्यावर केवढा मोठा झाला ते मुंबईकरांस सांगावयास नको. लोक त्याच्या दारी तंटे सोडवावयास जात असत. त्याच्या दरबाराचे कौतुक करणारे अनेक भेटतात. पण तो दरबार भरत होता तो सरकारचा दरवाजा त्या व्यवहारापुरता बंद होता म्हणून.

अमेरिकेत हेच आधी घडून गेले होते. तेथे १९२० ते १९३३ दारूबंदी होती. शिकागो शहरात अल कपोनचे राज्य त्याच काळातले. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी एका गॅरेजमध्ये सात माणसांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या गेल्या. कपोनला अखेर शिक्षा झाली ती खुनाबद्दल नव्हे, तर प्राप्तिकर बुडविल्याबद्दल, ही गोष्ट पोलिसांच्या हतबलतेची साक्ष देते. खुनांचे प्रमाण १९३३ पर्यंत चढत गेले आणि पुढे उतरू लागले. त्याला दुसरीही कारणे होती असे विद्वान म्हणतात, व ते खरे असेल.

आपल्याकडे वसंतराव नाईक यांच्या कारकीर्दीत बंदी सैल झाली, परवाने सुलभ झाले आणि पुढे सरकारमान्य देशी दारूची दुकाने आली. कायदा मात्र उभाच राहिला. आजही महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो आणि तो त्याच्या 'प्रकृतिस्वास्थ्यासाठी' दिला जातो! दुकानांच्या पाट्यांवरील 'परमिट रूम' हे शब्द त्याच इतिहासाचे अवशेष. स्वस्त विषारी दारूचे संकटही गेले नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे त्या दारूने मेली.

दारूची गोष्ट झाली तीच सोन्याची. १९६२ नंतर सुवर्णनियंत्रण आले, १९६८ साली त्याचा कायदा झाला, आणि सोन्याची आवड असलेल्या या देशात अरबस्तानातून गलबते भरून सोने येऊ लागले. हाजी मस्तान त्यावर धनवान झाला. कोकणच्या किनाऱ्यावर कोणत्या रात्री कोणत्या खाडीत होडी लागेल, कोणाचा हात ओला करावयाचा, ही सारी व्यवस्था बसली. तो नियंत्रणाचा कायदा १९९० साली रद्द झाला, पण बसलेली व्यवस्था तशीच होती. त्याच किनाऱ्यावर दिघी व शेखाडी येथे स्फोटके उतरली आणि १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत २५७ माणसांचा बळी गेला. सोन्याची बिस्किटे ज्या वाटेने आली त्या वाटेने मृत्यू आला. वाट तयार करणारांनी असे काही योजिले नसेल, परंतु चोरवाट एकदा पडली की तिच्यावरून कोण चालेल हे कोणाच्याही हाती राहत नाही.

येथवर इतिहास झाला. आता जे सांगणार आहोत ते सांगताना जीभ अडखळते. ज्या माउलीची ही हकीकत आहे तिची अनुमती आम्ही घेतली आहे, आणि नाव सांगणार नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतील पुष्कळजण पुन्हा कधीच आत गेले नाहीत. आमच्या चौथीच्या वर्गात त्या वर्षी एक मुलगा होता. आपल्याच ज्ञातीचा. अक्षर मोत्यासारखे, आणि हिशेबात असा तल्लख की तेवीसचा पाढा उलटा म्हणून दाखवी. वडील साचेखात्यात. संपानंतर घरात आधी भांडी गेली, मग आईच्या पाटल्या गेल्या, मग वडील गावी गेले. मुलगा सातवीनंतर शाळेत दिसेना. शहरात 'गर्द' १९८० च्या सुमारास आलेली होतीच. नाक्यावरील टोळीने अशी चलाख पोरे हेरली. पुड्या पोहोचवावयाच्या व संध्याकाळी हिशेब द्यावयाचा. हिशेब त्याला उत्तम येत होता. पुढे हिशेब देता देता तो स्वतःच पन्नीवर गर्द ओढू लागला.

१९८९ साली त्याचे आईवडील आमच्याकडे सल्ला मागावयास आले. पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांच्या साहाय्याने १९८६ साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले होते. आम्हांस ते वर्तमानपत्रातून ठाऊक होते. तेथे न्यावे काय, असे त्या दोघांनी विचारले. त्याच्या थोरल्या बहिणीचा विवाह आपल्या मंडळाच्याच सूचीतून जमला होता व वैशाखात ठरला होता. आम्ही म्हणालो, "वहिनी, लग्न पार पडू द्या. आता बोभाटा झाला तर मुलगी घरी बसेल. दोन-चार महिने सांभाळून घ्या." लग्न पार पडले. आम्ही अक्षता टाकल्या. मुलगा मांडवात पाहुण्यांस पाणी देत होता, हाताला कंप होता. आषाढात रेल्वेच्या रुळांजवळ त्याला भोसकले. तीनशे-साडेतीनशे रुपयांचा माल ओढून हिशेब चुकविला होता, एवढेच कारण. गर्दने तो मेला नाही. दावा लावता येत नाही अशा धंद्यातील थकबाकीने मेला. आणि त्याला चार महिने घरात दडवून ठेवण्याचा सल्ला देणारे आम्ही होतो.

त्या वेळी कायदा काय करीत होता? १९८५ च्या नोव्हेंबरात गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा केंद्रीय कायदा अमलात आला. नाव जेवढे लांब तेवढ्याच शिक्षाही लांब. व्यापाराच्या गुन्ह्यांस किमान दहा वर्षे, आणि १९८९ च्या दुरुस्तीने काही पुनरपराधांस फाशी व जामिनावर कडक निर्बंध. आरंभी जवळ किती माल सापडला याचा फारसा विचारच नव्हता, त्यामुळे पुडीवाला पोरगा आणि पोत्यांचा धनी एकाच तागडीत तोलले जाण्याचा संभव होता. २००१ साली दुरुस्ती होऊन अल्प प्रमाण, व्यापारी प्रमाण व मधले प्रमाण असे भेद आले. हेरॉइन ५ ग्रॅमपर्यंत अल्प व २५० ग्रॅमच्या वर व्यापारी, गांजा १ किलोपर्यंत अल्प व २० किलोंच्या वर व्यापारी. पुनरपराधास फाशी दिलीच पाहिजे ही सक्ती मुंबई उच्च न्यायालयाने २०११ साली अमान्य केली आणि २०१४ मध्ये संसदेनेही ती काढली. भांगेची पाने या कायद्याच्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून होळीला कोणी तुरुंगात जात नाही, हेही सांगून ठेवतो.

या कायद्याविषयी दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, शिक्षा आणखी कडक करा. दुसरा म्हणतो, सेवन हा गुन्हाच मानू नका. पोर्तुगालने २००१ साली स्वतःपुरता अल्प साठा बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून काढले आणि उपचारांवर भर दिला. तेथे अतिमात्रेचे मृत्यू व सुईवाटे पसरणारे रोग घटले, असे सांगतात. परंतु अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने २०२० च्या मतदानाने तसाच निर्णय घेतला आणि २०२४ साली तो फिरविला, कारण शिक्षा काढली पण उपचारांची सोय वेळेवर उभी राहिली नाही. नुसता कायदा काढल्याने माणूस बरा होत नाही, हे दुसऱ्या पक्षाने ऐकावे.

बंदी सर्वत्र व्यर्थच असते, असेही आमचे म्हणणे नाही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली ती लोकचळवळीतून, डॉ. अभय व राणी बंग यांच्यासारख्यांच्या पाठबळाने. ती वरून लादलेली नव्हती. गावोगावच्या स्त्रियांनी मतदान करून 'बाटली आडवी' केली, त्यांस आम्ही साष्टांग नमस्कार करतो. घरातल्या हिंसेचा मार ज्यांनी सोसला त्यांचे मत या वादात सर्वांत वजनदार मानले पाहिजे. तरीही चंद्रपुरात २०१५ साली आणलेली बंदी २०२१ साली उठली, आणि चोरट्या दारूचे कारण तेव्हाही पुढे करण्यात आले. गाव लहान, लोक जागे, तेथे बंदीला माणसांचा पहारा मिळतो. मुंबईसारख्या महानगरात तो पहारा कोण देणार?

आमचे मत विचाराल तर धंदा करणारांस दया नको. आज माल किनाऱ्यावरूनच येतो असेही नाही. एम. डी. नावाचे द्रव्य २०१५ मध्ये कायद्याच्या यादीत आले, तरी २०२३ साली नाशिकजवळ आणि २०२४ साली पुणे जिल्ह्यातील कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत त्याचे कारखानेच पोलिसांना सापडले. अशांच्या शिक्षा कमी कराव्यात असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. पण ज्याच्या खिशात एक पुडी आहे तो रोगी आहे, आणि कायदाही हे अर्धेमुर्धे जाणतो. याच कायद्याचे ६४-अ कलम असे आहे की, सेवनाच्या किंवा अल्प साठ्याच्या आरोपातील व्यसनी माणूस स्वेच्छेने सरकारी अथवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावर त्या गुन्ह्यासाठी खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते. या सभागृहात किती आईबापांना हे कलम ठाऊक आहे? हात वर करावयास आम्ही सांगत नाही.

आता त्या सूचनेविषयी. सरकार व्यसनी माणसाला सांगते, बाहेर ये, उपचार घे, तुला सोडतो. आपले मंडळ सांगणार, बाहेर आलास तर तुझ्या बहिणीचे लग्न मोडू आणि तुझ्या भावाची शिष्यवृत्ती बंद करू. मग कोणते कुटुंब बाहेर येईल? १९८९ साली लेखी नियम नव्हता, केवळ लोक काय म्हणतील ही धास्ती होती, आणि तेवढीच एका मुलाचा जीव घ्यावयास पुरली. आपण त्या धास्तीवर मंडळाचा शिक्का मारणार काय? महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा केला आहे. आपली सूचना त्याच्या कक्षेत येते की नाही ते आपल्यातील वकील मंडळींनी पाहावे. आम्हांस तिचा वास मात्र तसाच येतो.

शिक्षक गप्पा मारतो, उपाय सांगत नाही, असे कोणी म्हणू नये म्हणून तीन मागण्या करून ठेवतो. मंडळाचा हॉल दर मंगळवारी संध्याकाळी रिकामा असतो. तो व्यसनी मुलांच्या आयांसाठी व पत्नींसाठी मोकळा ठेवावा, आत कोण गेले याची नोंद कोणी करू नये. ज्ञातीत डॉक्टर कमी नाहीत, त्यांपैकी दोघांनी महिन्यातून एक दिवस द्यावा. आणि शिष्यवृत्ती निधीतील काही रक्कम उपचारांच्या खर्चासाठी बाजूला काढावी. गुप्त ठेवावी, परतफेडीची अट नको. पहिली वर्गणी म्हणून आमच्या निवृत्तिवेतनातील पाच हजार रुपये आम्ही आजच खजिनदारांच्या स्वाधीन करीत आहोत. पावतीवर नाव त्या मुलाच्या आईचे असावे, असे आम्हांस वाटत होते. तिने नको म्हटले.

ती सूचना येत्या सर्वसाधारण सभेत मतास येणार आहे. त्या दिवशी आम्ही मागच्या रांगेत बसणार नाही.